सोळा हजार चारशे ऐंशी

सावद्याच्या भुईकाट्यावरून
पुंडलिक फिरक्यांनी पाठवलेली पावती
फोटोत जरा वाकडी आली आहे.
कोपऱ्यावर केळीच्या चिकाचा तपकिरी डाग,
मधोमध निळ्या शाईत:
१६,४८० किलो.

हॅम्बुर्गच्या सेटिंगवर आमच्या प्रोग्रॅमनं वाचलं
सोळा पूर्णांक अठ्ठेचाळीस शतांश.
म्हणजे अख्खा ट्रक
आमच्याकडच्या एका घडाहून हलका.
कुणी चोरी केली नव्हती,
कुणी खोटं बोललं नव्हतं.
प्रोग्रॅमनं साधी कुरकुरही केली नाही,
तेच जास्त लागलं मला.

म्हणून जळगावात, एमआयडीसीमागच्या खोलीत,
वीज गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर,
बाहेर पंचेचाळीस पूर्णांक तीन
(हा आकडा मात्र कुठल्याही देशात तसाच भाजला असता),
मी आणि जुबेर पिंजारी
एकच संख्या गावोगावी पाठवून बघतो.
वरची एक ओळ बदलायची, की देश बदलला.
संख्या तीच. घरी पोचते का, एवढंच बघायचं.

शाळेत शिंपीबाई सांगायच्या,
स्वल्पविरामापाशी एक श्वास,
पूर्णविरामापाशी दोन.
जर्मनीत एका श्वासातच
पूर्ण संख्या संपते, पुढे नुसता चुरा.
आणि टिंब दिसलं तर थांबायचं नाही,
ते फक्त हजाराच्या पायरीवर टेकलेलं असतं.
फ्रेंच मंडळी तर काही लिहीतच नाहीत,
जागा सोडतात.
जुबेर म्हणाला, साधी जागा नाही ही,
इथं ओळ मोडायला मनाई आहे.
दिसायला रिकामी,
पण बाकावर कुणाचा तरी रुमाल ठेवलेला.
आमच्या प्रोग्रॅमनं तो रुमाल पाहिला नाही.
सोळा घेतले, खिशात टाकले,
चारशे ऐंशी तिथंच उभे.

मग मी सगळे अंक देवनागरीत टाकले.
त्याला ती नक्षी वाटली.
शून्यसुद्धा ओळखलं नाही.
शून्य!
जुबेर हसत सुटला, मला हसू येईना.

दुपारी चारला वीज आली.
सदतीसावी चाचणी हिरवी झाली तेव्हा
मी सहज जर्मन आकडे मोठ्यानं म्हणून पाहिले.
पंचवीसला ते म्हणतात पाच आणि वीस.
आधी पाच, मग वीस,
अगदी आपल्यासारखं,
लहान्याला पुढं करून मोठ्यानं मागून यावं तसं.
इतका वेळ मी त्यांच्या स्वल्पविरामावर डाफरत होते,
आणि पंचवीस म्हणताना
ते आमच्याच ओट्यावर बसलेले.

शेवटची, एक्केचाळीसावी.
फिरक्यांची दुसरी पावती,
ह्यावेळी अक्षरात: पावणेतेरा टन.
अपेक्षित उत्तराच्या जागी मी काय लिहावं?
बारा पूर्णांक पंच्याहत्तर लिहायला
हात गेला होता.
पण करारात ते नाही. करारात फक्त अंक.
मी लिहिलं: नाकारावे.
प्रोग्रॅमनं नाकारलं.
हिरवं. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस.

फिरक्यांना फोन करून सांगितलं,
काका, इथून पुढं अंकातच लिहा.
तिकडून ट्रकचा हॉर्न, माणसांचा कालवा,
मग त्यांचा आवाज:
'तुह्या मशीनले सांग,
पावनेतेरा म्हंजे तेराले पाव कमी.
एवढंच तं हाये.'

एवढंच तर आहे.
जुबेर लॅपटॉप मिटत होता.
मी म्हटलं, थांब जरा,
आणि यादीच्या तळाशी
बेचाळीस लिहून
पुढची जागा
तशीच सोडली.